स्कूटरचा उतार

हैदराबाद,
९ सप्टेंबर २०२५

प्रिय विक्कीदादा,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. भारतीय व्हीलचेअर बास्केटबॉल संघाच्या शिबिरात दोन्ही वेळ सराव असतो; चाकं ढकलून तळहातांना पुन्हा घट्टे पडलेत. आईचे गुडघे कसे आहेत? सरिता वहिनीची शेव संघातल्या मुलींनी पहिल्याच दिवशी संपवली, तिला सांग. हे फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तू मौद्याला ठरवलेल्या सत्काराला मी येणार नाही.

नागपुरात, सक्करदऱ्यातल्या तुझ्या मंडळाचा सत्कार तू हौसेनं केलास. व्यासपीठाला उतार नव्हता. मी विचारलं, तर म्हणालास, "काहून टेन्शन घेऊन राहिली वं? आपले पोट्टे आहेत ना." चौघांनी मला खुर्चीसकट उचललं. मी 'थांबा, थांबा' म्हणत होते आणि तू माईकवर सांगत होतास, "पहा, आमची माला किती हिंमतवाली आहे." सगळ्यात जास्त टाळ्या तेव्हाच पडल्या. खेळाला नाही, उचलण्याला.

बँकॉकच्या उपांत्य सामन्यात मी खुर्चीसकट आडवी झाले होते. आमच्या संघाची रीत अशी की पडलेलीनं हात वर केला तरच दुसरीनं जवळ यायचं. मी हात वर केला नाही. तळहात जमिनीवर टेकला, झटका देऊन खुर्ची उभी केली आणि पुढचा चेंडू अडवला. तो व्हिडिओ तू गल्लीभर दाखवलास. तरी माझं 'थांबा' तुला ऐकू आलं नाही.

खरं सांगायचं तर मंडळाचं व्यासपीठ मी विसरलेही असते.

दादा, आपल्या दाराला तीन पायऱ्या आहेत. मी पहिल्यांदा देशाकडून खेळले त्या वर्षी तू स्कूटर घेतलीस. ती आत नेता यावी म्हणून पायऱ्यांवर वीतभर रुंदीचा सिमेंटचा उतार केलास, एका दुपारीत. मी म्हटलं, थोडा रुंद कर. तू म्हणालास, "मंग लोकं चढतील कुठून वं?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून स्कूटर आपल्या चाकांवर घरात जाते आणि मी तुझ्या हातांवर.

मला शाळेत तू पाठीवर नेलंस. त्या पाठीकडे बघूनच इतकी वर्षं गप्प राहिले. माझी खुर्ची सहा देशांत आपली आपण आत गेली आहे. फक्त माझ्या घरात जात नाही.

दिवाळीला येईन. उतार रुंद झालेला असला तर आत येईन. नसला तर अंगणात बसून आईच्या हातचा चहा पिईन आणि परत जाईन. मला उचलायला कोणी पुढे यायचं नाही. तू तर नाहीच.

आईला हे पत्र वाचून दाखव. सगळं.

तुझी,
अजून पायरीखालीच असलेली,
माला