हवा राहिली नव्हती

बाबा,

आधी जे घडलं तेवढंच क्रमाने लिहिते.

१. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत, वडीगोद्रीच्या आपल्या गॅरेजात, मी आष्टीच्या डॉक्टरांच्या गाडीला पेडलने तेल ढकलणारा मास्टर सिलेंडर बाहेरून आणून तेलाच्या दाबावर चालणारा क्लच बसवला.
२. नळ्या मी वाकवल्या. जोड मी आवळले. ब्रेक ऑइल मी भरलं. नळ्यांत अडकलेली हवा आपण दोघांनी काढली; ती राहिली तर पेडल दाबूनही क्लच सुटत नाही.
३. पंधरा दिवसांनी पेशंटला घेऊन निघालेल्या त्या गाडीचा क्लच रस्त्यात गेला.
४. तुम्ही चार माणसांत सांगितलं की चूक माझी.
५. चूक माझी नव्हती. हे मला गेल्या महिन्यात कळलं. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली.
६. बदनापूरला मी स्वतःचं वर्कशॉप काढते आहे. आई म्हणते, पाटीवर तुमचं नाव घाल. पेंटर गुरुवारी येणार आहे.

डॉक्टरांचा डावा गुडघा गेला होता. त्या जुन्या गाडीचा क्लच दांड्यांवर चालायचा, पेडल दगडासारखं जड. "लोकांचे पाय बघता बघता माझाच पाय रिपेरीला आला," असं ते म्हणाले आणि तुम्ही हसून नाहीच म्हणणार होतात. मी मडगार्डवर खडूने हिशोब मांडला: पेडल किती सरकेल, सिलेंडरचं तोंड किती हवं, पायावर भार किती येईल. तुम्ही ओल्या फडक्याने तो पुसलात. "कागदावरची गाडी रस्त्यावर चालत न्हाई." पण दुसऱ्या दिवशी जालन्याहून आलात ते नळीचं तोंड फुलवायचं नवं हत्यार घेऊन. बाकावर माझ्यासमोर ठेवलंत. मला कुणी दिलेली ती पहिली वस्तू होती जी स्वयंपाकघरात न्यायची नव्हती.

हवा काढली तो दिवस मला अजून मिनिटामिनिटाने आठवतो. तुम्ही गाडीखाली आहात, मी पेडलवर. तुमचे फक्त पाय दिसतात. "दाब. धर. म्या म्हणल्याबिगर सोडू नको. सोड." बाटलीत बुडबुडे येतात, मग कमी होतात. माझं पेडल हळू होत जातं. "थकली का इंजिनीअरबाई?" "नाही." "मंग दाब." शेवटी खालून तुमचा आवाज येतो, "बास. एक बी बुडबुडा न्हाई आता." हे तुम्ही म्हणाला होतात. मी नाही.

त्या दिवशी गाडीत बाळंतपणाची बाई होती. तिला एका टेम्पोतून जालन्याला नेलं, बाई-बाळ दोघं सुखरूप राहिली. गाडी संध्याकाळी ट्रॅक्टरने ओढून आपल्या दारात आणली. सकाळी अकराला डॉक्टर आले. पान खायला थांबलेले दोन ट्रक ड्रायव्हर होते, शेजारचा पंक्चरवाला होता. डॉक्टरांचा आवाज चढला होता, आणि मी बॉनेटवर हात ठेवून तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही म्हणालात, "पोरीच्या हातचं काम हाय, साहेब. पाइपात हवा ऱ्हायली. माझंच चुकलं, तिच्यावर सोडलं." डॉक्टर लगेच निवळले. बापाने चूक पदरात घेतली असंच सगळ्यांना वाटलं. आत आल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पान्याला हात लावू नको आता."

मी लावला नाही. पुढे कितीतरी दिवस एसटीत कुणीतरी विचारायचंच, "काय इंजिनीअरबाई, हवा काढली का?" डिप्लोमा झाल्यावर मी औरंगाबादला ड्रॉइंग काढायची नोकरी धरली, आठ वर्षं; पाना पुन्हा हातात घेतला तो त्यानंतर. त्या आठ वर्षांत मी मनातल्या मनात ते सगळे जोड कितीदा आवळले असतील. दर वेळी एखादा ढिला सापडायचा.

गेल्या महिन्यात आईने तुमची हत्यारांची पेटी माझ्या हवाली केली. तळाशी फडक्यात गुंडाळलेला तो मास्टर सिलेंडर होता. मी उघडला. आतला रबरी कप फुगून मऊ पडला होता, बोटांना काळं लागत होतं. व्हर्निअरने मोजून पाहिलं. तो आता स्वतःच्या सिलेंडरात जात नव्हता. ब्रेक ऑइलने असं होत नाही. साध्या तेलाने होतं. तसं तेल मी टाकलं नव्हतं.

आईला विचारलं. ती मेथी निवडत होती, हात थांबले नाहीत. "तू जालन्याला गेल्तीस. डॉक्टर चाकात हवा भराया आल्ते. ह्यांनी बॉनेट उघडलं, क्लचच्या तेलाची टाकी काठोकाठ दिसंना. मंग ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल टाकलं. चालतंय म्हणले."

टाकी मी मुद्दाम खुणेपर्यंतच भरली होती. पण काठोकाठ भरल्याशिवाय तुम्हाला कधी करमलं नाही, तेल असो की चहा.

"तुला माहीत होतं?"

"नंतर सांगितलं त्यांनी."

"मग बोलली का नाहीस?"

"दुकान त्यांच्या नावावर चालत व्हतं. नाव गेलं की गिऱ्हाईक गेलं. तुझं काय, तू सासरी जाणारच व्हतीस." मग निवडलेली मेथी बाजूला सारत म्हणाली, "गेलीस का न्हाईस, ते देवाला ठाऊक व्हतं का तवा?"

चुकीचं तेल टाकलंत याबद्दल माझी तक्रार नाही. ट्रॅक्टरला चालतं ते इथेही चालेल असं वाटणं ही चूक आहे, आणि चूक माणसाकडून होते. मला एकच क्रम हवा आहे. गाडी संध्याकाळी आली, डॉक्टर सकाळी अकराला आले. मधल्या वेळात तुम्ही सिलेंडर उघडला होता का? आधी बोललात आणि मग उघडून पाहिलंत, तर ती दुसरी चूक. आधी उघडलात, फुगलेला कप हातात घेतलात आणि मग बाहेर येऊन बोललात, तर त्याला मी चूक म्हणणार नाही. आईला आठवत नाही. फडक्याऐवजी वर्तमानपत्रात गुंडाळला असतात तर निदान तारीख मिळाली असती.

आणि एक. नंतर डॉक्टरांच्या गाडीला नवा सिलेंडर बसवताना तुम्ही त्याला माझ्याच नळ्या जोडल्यात. एकही जोड कापला नाहीत, एकही तोंड पुन्हा फुलवलं नाहीत. माझ्या जोडांतून हवा शिरत असती तर असं कुणी करत नाही. मी ते तेव्हा दारातून पाहिलं होतं. विचारलं नाही. तुम्ही काय उत्तर द्याल याची मला भीती वाटली होती.

हे पत्र मी टाकणार नाही. कुठे टाकायचं तेही माहीत नाही. पण पेंटरला मी अजून नाव सांगितलेलं नाही. तो गुरुवारी सकाळी दहाला येईल. त्याआधी कळवावं.