आबांच्या डाव्या बुटातली चिंधी

चौसाळा, गुरुवार. आबांचा तेरावा.

पाहुणे गेले. जेवण चांगलं झालं म्हणाले सगळे. माझ्या डोक्यातून मात्र त्या चपला जात नाहीत.

तेराव्याला, गेलेल्या माणसाच्या नावानं छत्री, काठी, चपला दान करतात. वरची वाट लांबची, पाय पोळू नयेत म्हणून. पप्पांनी चांगल्या भारीतल्या आणल्या, अंगठ्याच्या. आणि आबांच्या, माझ्या आजोबांच्या, डाव्या पायाला अंगठाच नव्हता! फौजेत असताना, लढाईत, बर्फानं गेला. पुढचा सगळा जन्म साखर कारखान्यात भट्टीपुढं, पायात कायम बूट. डाव्या बुटात पुढं चिंधी कोंबली की मगच पाऊल नीट पडायचं. ती चिंधी मी रोज धुवायचे.

दान देण्याआधी पप्पांना हळूच म्हणलं, "ह्या चपला आबांच्या पायात राहणार न्हाईत."

"आता कुठं चालायचं हाय त्यांला? गप बस."

मग चपला दिल्या कावून? छत्री तरी कावून? बूट तर अंथरुणासोबत पप्पांनी कधीच गावाबाहेर टाकले.

एवढी लढाई, एवढी भट्टी. आणि पोटच्या पोराला बापाचं पाऊल माहीत नसावं? काय उरतं मग माणसाचं? काहीच नाही.

मघाशी कपडे काढायला गेले, तर न्हाणीमागच्या दोरीवर ती चिंधी. वाळून कडक झालेली. आबा गेले त्या सकाळी मीच धुऊन वाळत टाकली होती.

घडी घातली. आता ठेवू कुठं?