खोकी जातात तिकडे

६ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठी झालेली माणसं लिहितात असं ऐकलंय. मी मोठा व्हायच्या आधीच सुरुवात करतोय, तेवढीच आघाडी. शिक्षण सातवी. सातवीत दोन वर्षं काढली, त्यामुळे माझी सातवी इतरांपेक्षा पक्की.

संकल्प एकच. या वर्षाच्या आत आपली खोली घ्यायची आणि बायकोला गावाहून घेऊन यायचं. लग्न होऊन वर्ष होत आलं, पण आम्ही एकमेकांना अजून जास्त करून फोनवरच ओळखतो.

९ जानेवारी, जेवणाची सुट्टी
कामाचं लिहायचं राहिलं. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. मी शेवटच्या टेबलावर. घडी घातलेल्या खोक्यांचे गठ्ठे बांधायचे आणि वर स्टिकर मारायचं. प्रत्येक शहराच्या स्टिकरचा रंग वेगळा. लोकांना वाटतं, यात काय डोकं? पण मी शोध लावलाय. खोकी जातात तिथे माल बनतो. माल बनतो तिथे माणसं लागतात. म्हणजे ग्रोथ कुठे आहे ते सरकारच्या आधी मला कळतं.

लंबूला हे सांगितलं. लंबू म्हणजे गोंदाच्या मशीनवरचा, खोलीत माझ्या शेजारची गादी त्याची. म्हणाला, मग सरकार तुझ्याकडे गठ्ठे बांधायला येतं की तू जातोस? जळतो.

२० जानेवारी
नारिंगी, नारिंगी, नारिंगी! आठवडाभर दुसरा रंग हातात नाही. नारिंगी म्हणजे पूर्वेचं शहर. तिथला पंख्यांचा कारखाना ट्रकच्या ट्रक खोकी मागवतोय. आणि सगळी दांडग्या मापाची, आत माणूस बसेल एवढी. पंखे मोठे करायला घेतलेले दिसतायत. याला म्हणतात एक्सपान्शन.

२२ जानेवारी
मास्तरांनी बोलावलं. आमचे सुपरवायझर. कधी शिकवलं नाहीत पण ओरडतात म्हणून मास्तर. म्हणाले, कटिंग मशीनवर घेतो तुला, कायम करतो. मागच्या क्वार्टर्समध्ये एक खोली रिकामी होतेय, बायकोला आण आणि एका जागी बूड टेकून बस.

बूड टेकून! यातच त्यांची दृष्टी आली. कळवतो म्हणालो. मास्तर म्हणाले, कळवतोस काय, मी तुला स्थळ आणलंय का?

संध्याकाळी बायकोला फोन. ती म्हणाली, अहो, खोली देतायत ना? मग घ्या की. मी समजावलं, अगं, हे मावळतं शहर आहे, ग्रोथ पूर्वेला सरकलीय. तिने विचारलं, मावळत्या शहरात खोल्यांना छप्पर नसतं का? इकॉनॉमी हा विषय फोनवर समजावता येत नाही.

२ फेब्रुवारी
राजीनामा दिला. म्हणजे तोंडी. मास्तरांनी कपाळावर हात मारला, मी तो सॅल्यूट समजून स्वीकारला. कटिंग मशीन लंबूला देतायत. बिचारा अडकला.

४ फेब्रुवारी
पोहोचलो. बस जवळजवळ रिकामी होती, समोरून येणाऱ्या मात्र दारापर्यंत भरलेल्या. गर्दी व्हायच्या आधी पोहोचलो हे उत्तम. शहर तर माणसांसाठी पायघड्या घालून बसलंय. दर दुसऱ्या दारावर पाटी, खोली भाड्याने देणे आहे. निम्मी दुकानं बंद. रंगकाम काढलं असणार.

६ फेब्रुवारी
शोधायला निघालो त्या पहिल्याच दिवशी काम! पंख्यांच्याच कारखान्यात. मुलाखत कडक झाली. विचारलं, उचलशील? म्हणालो, उचलेन. पॅकिंगला घेतलं. साहेब म्हणाले, काम थोड्याच दिवसांचं आहे बरं का. मी म्हणालो, साहेब, थोड्या दिवसांत माझं काम बघाल आणि मग सोडणारच नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. इम्प्रेस झाले की साहेब लोक असेच करतात.

११ फेब्रुवारी
खोकी ओळखीचीच निघाली. मी बांधलेली गाठ मला बरोबर ओळखू येते. पण त्यात पंखे भरायचे नाहीत, मशिनी भरायच्या आहेत. सुट्या करून, कापडात गुंडाळून. नव्या मशिनी आणायच्या तर जुन्या काढायलाच हव्यात, साधी गोष्ट आहे.

वायंडिंगवाले, म्हणजे मोटरची तार गुंडाळणारे काका इथे जन्मभर होते. त्यांची मशीन खोक्यात गेली तेव्हा तिच्या अंगावरून हात फिरवत उभे राहिले. मग मला म्हणाले, बाळा, तू कुठून आलास? सांगितलं. म्हणाले, अरे, सगळं गाव उठून चाललंय आणि तू सामान घेऊन आत शिरतोयस? मी म्हणालो, काका, मी नेहमी पुढचा विचार करतो. ते म्हणाले, मागचं थोडं बघत जा रे. माणूस गोड आहे, फक्त व्हिजन नाही.

२५ फेब्रुवारी
डाव्या पायाची चप्पल हरवली. भरताना कुठेतरी काढून ठेवली होती. उजवी घालून दिवस काढला.

आज खोक्यांवर हिरवे स्टिकर आले. हा रंग मी कधी पाहिला नव्हता. ट्रक ड्रायव्हरला विचारलं, कुठे रे? तो म्हणाला, पूल ओलांडला की तुटकी पाण्याची टाकी, तिथून डावीकडे, एकवर्गी शाळेच्या मागे.

मी मोठ्याने हसलो. तो आमच्या गावाचा फाटा! तिथे काय ठेवलंय? ज्याला पाय होते तो प्रत्येक जण तिथून निघाला. ड्रायव्हर म्हणाला, म्हणूनच तर. जागा पडून आहे, बाप्ये सगळे बाहेर, घरोघरच्या बाया काम द्या म्हणतायत. शेड उभीसुद्धा राहिली. मी समजून गेलो. भंगार ठेवायला मोकळी जागा लागतेच. नव्या मशिनी इथे, जुन्या तिथे.

८ मार्च
बायकोचा फोन. अहो, शाळेमागच्या शेडमध्ये पंख्यांचं काम सुरू झालंय, मला घेतलं. तार गुंडाळायची मशीन शिकतेय. मी मोठ्या मनाने परवानगी दिली. ती म्हणाली, परवानगी नव्हते मागत, सांगत होते.

चार दिवसांची हौस आहे, होऊ दे.

मग म्हणाली, एक गंमत, मशीनच्या खोक्यात चप्पल निघाली. डाव्या पायाची. पट्टा तारेने बांधलेला, अगदी तुमच्यासारखा. मी म्हणालो, तारेने पट्टा बांधणारे जगात कमी आहेत का? ती म्हणाली, तिकडे तुमचं नक्की काय चाललंय? मी म्हणालो, एक्सपान्शन.

३० मार्च
शेवटचा ट्रक गेला. त्यात फाटकावरची पाटी गेली, साहेबांची खुर्ची गेली आणि साहेबही पुढे ड्रायव्हरशेजारी बसून गेले. काका मुलीकडे गेले. मी शेड झाडून काढली. एवढी मोठी, स्वच्छ, रिकामी शेड. पोटेन्शियल प्रचंड आहे.

२ एप्रिल
खोल्या तर हव्या तेवढ्या. घरमालकीणबाई म्हणाल्या, बाबा, राहा नुसता, घरात दिवा तरी लागेल. लगेच बायकोला फोन. ये निघून, खोली मिळाली, खिडकीतून कारखाना दिसतो. तिने विचारलं, चालू आहे का? मी म्हणालो, दिसतो. ती म्हणाली, मला आत्ता रजा नाही.

वर्षभर ये म्हणायची वाट बघत होती, आणि आता रजा नाही!

५ एप्रिल
सहज म्हणून मास्तरांना फोन लावला, तुम्हाला माझ्यासारख्या माणसाची गरज पडली का बघायला. म्हणाले, लंबूच्या हाताखाली एक हमाल हवाय, येतोस? फोन कट झाला. मी केला. लंबूने त्या क्वार्टरमध्ये संसार थाटलाय. खिडकीला फुलाफुलांचे पडदे आहेत म्हणे. पडदे म्हणजे ध्येय नव्हे.

नवा प्लॅन: गावी जायचं. हे परत जाणं नव्हे. ग्रोथच्या मागोमाग जातोय, ती गावी गेली याला माझा इलाज नाही.

१२ एप्रिल
गाव. फाट्यावर बसमधून माझ्याबरोबर बरेच जण उतरले, बॅगा घेऊन, परक्या बोलीत पत्ता विचारत. मीही सवयीने त्यांच्या रांगेत उभा राहिलो.

आई दारातच म्हणाली, अरे, कळवायचं तरी! तुझ्या खोलीत दोन फिटर ठेवलेत, जेवूनखाऊन. हळू बोल, रात्रपाळी करून झोपलेत. मी म्हणालो, मग मी कुठे? ती म्हणाली, तू परदेशी गेल्यासारखा गेलास, मला काय स्वप्न पडलं? मी विचारलं, आणि ही कुठे? तर आई म्हणाली, सूनबाईंनी शेडजवळ खोली घेतलीय. पहाटेची पाळी असते तिची, इथून लांब पडतं. आता टेबलाची पुढारी झालीय. हे सांगताना आईचा चेहरा माझ्या लग्नात होता त्यापेक्षा खुललेला.

१४ एप्रिल
शेडवर गेलो. साहेब तेच. ओळखलं, खुर्ची दिली. अनुभव विचारला. मी म्हणालो, पाठवणीचा. सगळं पाठवायचं काम मीच केलंय. ते म्हणाले, खरं आहे, पण इथून अजून काही जात नाही, सध्या येतंच आहे. वायंडिंगच्या टेबलावर जागा निघाली तर बघू, पण तिथे माणूस कोण घ्यायचा ते टेबलाची पुढारी ठरवते. तिच्याशी ओळख आहे का?

मी म्हणालो, तशी आहे.

१५ एप्रिल
आमची खोली पाहिली. छोटी आहे, भिंती कोऱ्या, खिडकी पश्चिमेला. संकल्प काय होता? वर्षाच्या आत खोली, खोलीत बायको. खोली आहे, बायको आहे. कोणी घेतली हा तपशील.

तिला पुढारीपणाबद्दल हटकलं, म्हटलं, मला टेबलावर घे. ती हसली नाही. म्हणाली, अहो, माझ्या टेबलावर बसणाऱ्याला एका जागी बसावं लागतं. बसाल? मी म्हणालो, विचार करून कळवतो. ती म्हणाली, तोवर कुठे जाऊ नका, एवढं तरी कराल?

मी म्हणालो, करेन.

१७ एप्रिल, संध्याकाळ
सकाळी हिला शेडपर्यंत सोडायला गेलो होतो. किल्ली एकच, ती हिच्या पदराला. परत आलो तेव्हा लक्षात आलं. दिवसभर पायरीवर आहे.

शेजारीण जाता जाता म्हणाली, भाऊजी, कोणाची वाट बघताय? मी म्हणालो, वाट नाही, रस्त्याचा अभ्यास करतोय, कोण येतं, कोण जातं. खरं म्हणजे दुपारनंतर कोणी आलंगेलं नाही.

वाट बघायला एवढा वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं. तिने कधी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, तेव्हा मी बोलत असेन.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला. बाया घोळक्याने निघाल्या. उठून, केस सारखे करून उभा राहिलो. घोळका पुढे गेला. त्यातली एक मागे वळून म्हणाली, भाऊजी, ताईंनी निरोप दिलाय, आज ओव्हरटाइम आहे.

परत बसलो.