रडत नाही, ओरडते आहे

३ एप्रिल

ती. आत्यास साष्टांग नमस्कार,

फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि कुणाचंच कुणाला कळत नाही, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे पत्र.

मी सध्या तुमच्या भागातून पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिलेल्या साहेबांच्या प्रचार कचेरीत काम करते. दारोदार जाऊन विचारायचं, की हवामान बदलतंय असं वाटतं का, भीती वाटते का, त्यावर मत द्याल का. लोक मजेशीर असतात. भीती वाटते म्हणतात, आणि लगेच सांगतात की मत मात्र रस्त्यांवरचे खड्डे बघून देणार. आकडे दाखवले की जांभया देतात. गेल्या वर्षीच्या पुराचा फोटो दाखवला की हातात घेऊन नीट बघतात. म्हणून ठरलं, आकडे नकोत, चेहरा हवा.

आणि चेहरा माझ्याजवळ होता! तुझ्या माडीच्या बंद खिडकीतून मी काढलेला फोटो. तू कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर इस्त्री, तोंड उघडं, ओक्साबोक्शी रडतेयस. तो बघून साहेबांचे डोळे भरून आले. तुझ्या घरमालकाने फलकासाठी गच्ची भाड्याने दिली आहे. सोमवारी चौकात उभी राहून वर बघ. हवामानाबद्दल एकदाचं कुणीतरी बोलतंय, तेही तुझा चेहरा घेऊन, याचा मला फार अभिमान वाटतो.

गुडघ्याला शेक घेत जा आणि माझ्यावर माया असू दे.

तुझी टिटवी

९ एप्रिल

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे सध्या राखून ठेवले आहेत.

वर बघितलं. माझ्याच लाँड्रीच्या डोक्यावर माडीएवढी मी! खाली लिहिलंय, ‘हवामान बदललं, हिचं सर्वस्व गेलं. साहेबांना साथ द्या.’ अगं भवाने, माझं सर्वस्व कधी गेलं? दोन यंत्रं गेली. चिखलात लोळलेले कपडे मी पुन्हा धुऊन ज्याचे त्याला दिले. आता जो येतो तो आजाऱ्याला बघायला आल्यासारखं तोंड करतो. न्हाव्याने तर मला हात धरून रस्ता ओलांडून दिला.

आणि मी रडत नव्हते. वर पावसाचा धबाबा आवाज, तुला काय ऐकू येणार? मी ओरडत होते. समोरून कोण येत होतं ते तुझ्या फोटोत नाही. तुझे साहेब येत होते, होडीत बसून, फोटोवाल्याला घेऊन. तळं बुजवून दुकानं बांधायला परवानगी त्यांची, नाला बंद केला तोही त्यांनीच. आधी तळं बुजवलंत आणि आता होडी घेऊन आलात, असं मी त्यांना सुनावत होते. आख्ख्या गल्लीने ऐकलं.

हवामान बदललंय हे खरंच आहे. दिवसभर इस्त्रीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईला उन्हाळा शिकवायला नको. पाऊस पूर्वी बेताबेताने पडायचा, आता एकदम ओततो. पण त्या पाण्याची वाट कुणी अडवली? आभाळाच्या नावावर बिल फाडून साहेब मोकळे. माझा चेहरा उतरव.

लोभ आहे. तो वाढवायचा की नाही, ते फलक उतरल्यावर ठरवीन.

आत्या

१४ एप्रिल

ती. आत्यास लांबूनच नमस्कार, जवळ यायची हिंमत नाही.

मला खरंच माहीत नव्हतं गं. वाचून कान गरम झाले. तशीच प्रचारप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, फोटो तुम्हीच दिलात, फलक चाललाय झकास, उतरणार नाही. वाटल्यास बाईंचा सत्कार करू. वर हेही म्हणाले, की समोरचा पक्ष हवामान बदलाला थोतांड म्हणतो, आणि तू भाड्याने आणलेली नटी आहेस अशी पत्रकं वाटतो. आपण भांडलो तर फायदा त्यांचाच.

मलाही ते थोडं पटलं, लपवत नाही. मतदानापर्यंत सोसशील का? मोठ्या कामासाठी?

रागाखाली थोडी माया उरली असेल तर ती माझी.

टिटवी

१८ एप्रिल

चि. टिटवीस आशीर्वाद,

नाही सोसणार. मोठ्या कामासाठी माझं तोंड उसनं घ्यायचं असेल, तर आतली जीभही माझीच पाहिजे.

त्या थोतांडवाल्यांचा माणूसही आला होता. पूर नेहमीसारखाच होता आणि फोटोसाठी पैसे मिळाले, असं मी माइकवर सांगावं म्हणे. त्याच्या अंगावर ओली चादर अशी झटकली की तो भिजून गेला.

मग एक बेवारशी डबल चादर काढली, खळ घालून कडक इस्त्री केली, आणि कपड्यांवर खुणा घालायच्या शाईने लिहिलं: ‘रडत नाही, ओरडते आहे. तळं बुजवलंत, आता होडी घेऊन आलात!’ ती गॅलरीत वाळत घातली, बरोबर माझ्या उघड्या तोंडाखाली. गॅलरीत चादर वाळत घालायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि ही शाई धुतल्याने जात नाही.

माया आहे, म्हणूनच एवढं लांबलचक लिहिते.

आत्या

२३ एप्रिल

ती. आत्यास जवळ येऊन नमस्कार,

फलक बघून लोकांना काय आठवतं, ते विचारायला मला पाठवलं होतं. हवामानाला घाबरणारे आणि त्याला थोतांड म्हणणारे, दोघेही तुझी चादर घडाघडा म्हणून दाखवतात. हवामानाचं खूळ परक्यांनी काढलंय म्हणणारे निवृत्त मास्तर तर हळवे झाले. त्याच तळ्यात ते पोहायला शिकले होते.

मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं. प्रमुखांनी ते पान काढायला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत चादर उतरवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका म्हणाले. मी गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवून आले. आईला अजून सांगितलेलं नाही. झोप मात्र छान लागली.

रविवारी साहेब फुलं घेऊन तुझ्या दारात येणार आहेत. सावध राहा. माडीवर मला जागा आहे का?

तुझीच, आता बेकार,
टिटवी

२९ एप्रिल

चि. टिटवीस राखून ठेवलेले सगळे आशीर्वाद, व्याजासकट.

साहेब आले. माइक, फुलं, ही गर्दी. चादर काढा म्हणाले, मी म्हटलं अजून ओली आहे. मग त्यांनी आभाळाकडे हात करून भाषण केलं आणि शेवटी सगळ्यांसमोर विचारलं, की ताईंसाठी मी काय करू. मी माइक हातात घेतला. म्हटलं, माझं तोंड उघडंच आहे, तुम्ही नाल्याचं तोंड उघडा. गल्ली अशी गरजली की साहेब फुलं तिथेच विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी फलक उतरला. गच्चीवर नुसता सांगाडा उरलाय, चादर मात्र आहे. तुझे मास्तर स्वतःची चादर घेऊन आले. हवामान बदललेलं नाही म्हणून माझ्याशी तासभर भांडले आणि मग नाला उघडा असं मोठ्या अक्षरांत लिहून घेऊन गेले. आता गल्लीतल्या बहुतेक गॅलऱ्यांत चादरी आहेत. निवडून कोण येईल कोण जाणे. जो येईल त्याला याच गल्लीतून जायचंय.

आईला मी समजावते. माडी झाडून ठेवली आहे. तो फोटो मोठा करून आण, दुकानात लावू. रागावलेली चांगली दिसते मी.

लोभ वाढवला आहे. शाई संपत आली, येताना घेऊन ये.

तुझी आत्या