कंबरेचा पट्टा

४ मार्च

प्रिय बारक्या,

दादाचे आशीर्वाद, तुला आणि तुझ्या बायकोलाही. तुमच्या लग्नाला आलो नाही याचा राग असेल तर असू दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच. आम्ही दोघं बरे आहोत. लॉन्ड्री चालू आहे. हॉटेलच्या चादरी पूर्वीसारख्याच येतात. बॉयलरचा एक पाइप बदलला. समोरच्या न्हाव्यानं दुकान विकलं, त्यामुळे माझे केस वाढलेत.

काम असं आहे, की माझी कंबर धरली आहे. तीन महिने वाफेच्या प्रेसपुढे उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ओझं उचललं तर चालेल म्हणे, फक्त प्रेस नको. एक नवा माणूस ठेवून पाहिला. त्यानं दुसऱ्याच दिवशी एका कोटाची बाही करपवली. तुला प्रेस येते, बाबांनी आपल्याला बरोबरच शिकवली. तू सोडून गेलास तेव्हा जी बोलाचाली झाली, ती मी केव्हाच धुऊन टाकली आहे. तूही टाक. तीन महिन्यांसाठी ये.

माळ्यावरची खोली रिकामी आहे. तिथे थोडं सामान आणून ठेवलं होतं, ते काढलं.

वहिनी बरी आहे. हल्ली फार बोलत नाही, पण बरी आहे.

तुझा दादा


१९ मार्च

प्रिय बारक्या,

तुझं पत्र आणि पार्सल एकाच दिवशी मिळालं. 'दोघंही येतो, सामान बांधायला घेतलंय' हे वाचून बरं वाटायला हवं होतं. 'कंबर धरली आणि ओझं चालतं, हा कुठला डॉक्टर?' हेही वाचलं. तुझ्या बायकोनं पाठवलेला कंबरेचा पट्टा मी लगेच बांधला. कंबरेला काहीही झालेलं नाही. तरी बांधला आणि गल्ल्यावर जाऊन बसलो.

तुझ्या वहिनीनं पाहिलं. "हे काय?" म्हणाली. तुला काय लिहिलं होतं ते मी सांगितलं. ती शर्टांना नंबर लावत होती, ती लावतच राहिली. मग म्हणाली, "त्या पोरीला घेऊन येतोय ना तो? उद्या तिचं माझ्यासारखं झालं, तर 'तुझ्यात काही दोष नाही' म्हणून तिला कोण सांगणार? तुम्ही?"

तेव्हा आता सांगतो.

आमची तीन पोटातच गेली. प्रत्येक वेळी दुसऱ्या महिन्यात. तिसरं तुझ्या लग्नाच्या आठवड्यात गेलं. माझी तपासणी पहिल्याच वर्षी झाली होती. शुक्राणूंची संख्या भरपूर, चाल चांगली. मी पास होऊन मोकळा झालो, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या, इंजेक्शनं, झोपून राहणं तिच्या वाट्याला आलं. तिनं जिना बंद केला, कॉफी बंद केली, जोरात हसणंसुद्धा बंद केलं.

या वेळच्या डॉक्टरीणबाईंनी माझी वेगळी तपासणी करायला सांगितली. शुक्राणू किती आहेत आणि कसे पळतात ते नाही, तर त्यांच्या आतला डीएनए धड आहे का ते बघायचं. तो तुटलेला निघाला, बराच. बाईंचं बोलणं मला आपल्या धंद्यातून कळलं. चादर धुऊन कडक घडी घातली की नवीच दिसते, उजेडासमोर धरली की विरलेली कळते. अशानं गर्भ राहिला तरी पुष्कळदा टिकत नाही. कशानं झालं ते छातीठोक सांगता येत नाही म्हणाल्या, पण इतकी वर्षं ओटीपोटावर वाफ घेत उभं राहणं हे कारण असू शकतं. नवे शुक्राणू तयार व्हायला तीनेक महिने लागतात. तेवढे दिवस प्रेसपासून लांब राहायचं, सिगारेट सोडायची आणि पुन्हा तपासायचं.

तुझ्या वहिनीनं विचारलं, "म्हणजे माझ्यात काही नव्हतं?"

बाई म्हणाल्या, "तुमच्यात काहीच सापडलेलं नाही."

ती उठली, पर्स घेतली. वाटेत एका टपरीवर तिनं उभ्यानं दोन कप कॉफी प्यायली, लागोपाठ. मी शेजारी उभा होतो. आता आपल्याला काहीतरी वाटेल, म्हणून वाट बघत होतो. काही वाटलं नाही. घरी आलो आणि सवयीनं त्याच प्रेसवर चादरी काढल्या. कालपर्यंत तसंच होतं. भाजून बरी झालेली कातडी कशी बधिर राहते, तसं चाललं होतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, तिच्यासाठी तरी.

ती एवढंच म्हणाली, "लांब राहणार असाल तर पुढचं बोलू. नाहीतर मला पुन्हा त्यातून जायचं नाही." म्हणून तुला बोलावलं. खरं लिहायची लाज वाटली म्हणून कंबर पुढे केली. माझ्या जागी तुला उभं करतोय, हे तिनं विचारेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नाही.

तू काम सोडलंस तेव्हा बाबांना म्हणाला होतास, "मी काय उकडायला ठेवलेला बटाटा आहे?" बाबा चिडले होते, मी पोट धरून हसलो होतो. काल डॉक्टरीणबाईंना फोन करून एकच विचारलं. माझा भाऊही काही वर्षं त्याच प्रेसपुढे उभा होता, त्याचं काय? सोडून बरीच वर्षं झाली असतील तर त्या वेळचं आता काही उरलेलं नसतं, म्हणाल्या. फोन ठेवला आणि गल्ल्यावरच डोकं टेकून रडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तुझ्या वहिनीनं पाहिलं. पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

हॉटेलवाल्यांना आज कळवलं, यापुढे चादरी घेणार नाही. बॉयलर बंद केलाय. पाइप गार होताना टकटक करतात, तेवढाच आवाज आहे दुकानात. धुवायचं, वाळवायचं, हातानं घड्या घालायच्या, एवढ्यावर भागलं तर भागलं. नाही भागलं तरी प्रेस पेटणार नाही.

तुझ्या बायकोला सगळं खरं सांग, माझं नाव घेऊन सांग. पट्टा मी ठेवून घेतो. बांधलेलं सामान सोड. येऊ नकोस.

कंबर ठणठणीत असलेला
तुझा दादा