वहीत न सापडलेली सात माणसं

३ मार्च, मंगळवार

तीर्थरूप काकांना नमस्कार, आणि काकूलाही.

मी बरी आहे. खोकला गेला. ऑफिसात मला खिडकीजवळची जागा मिळाली, पण खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना तेवढा दिसतो. काम तेच. लोक इंटरनेटवर काही शोधतात तेव्हा आमच्या गिऱ्हाइकाची वेबसाइट सगळ्यांच्या आधी दिसावी, एवढ्यासाठी आम्ही बारा जण दिवसभर माना मोडून बसतो. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "म्हणजे रांगेत घुसवायचं काम." मी चिडून म्हटलं होतं, "घुसवायचं नाही काका, ओळख करून द्यायची."

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. रविवारीच तर बोललो. पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, काकू मधेच "जेवलीस का" विचारते, आणि माझं सांगायचं राहून जातं. तसं ते सहा आठवडे राहिलं आहे.

आधी चांगलं सांगते. तुमच्या मशीनदुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट केली तेव्हा ती शोधाच्या पाचव्या पानावर सापडायची. तिथवर कोणी जात नाही. पोचेपर्यंत माणूस नवं शिलाई मशीन घेऊन मोकळा होतो. मग मी पत्ता आणि वेळा नीट घातल्या. मशीन टाका का सोडतं, खालचा दोरा का गुंततो, हे लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून खाली तुम्ही फोनवर सांगितलेली उत्तरं दिली. तीन महिन्यांत आपण दुसऱ्या पानावर आलो. ते काम सरळ होतं, त्यात मी मान खाली घालावी असं काही नव्हतं.

पुढे मात्र सरकेना. चौकातल्या नव्या दुकानाला गिऱ्हाइकांचे दोनशे अभिप्राय, आपल्याला एक. तोही त्या उंच शिंप्याचा: "बोलतात कमी. मशीन चालतं." मी तुमच्या अकरा गिऱ्हाइकांना फोन करून विनवलं. सगळे म्हणाले, "लिहितो की." एकानेही लिहिलं नाही. मशीन नीट चालायला लागलं की दुरुस्त करणारा विसरला जातो, हे तुमचंच म्हणणं.

रविवारी तुम्ही सहज विचारलंत, "अभिप्रायातली ती हिरव्या मशीनवाली बाई कोण गं? मी तिच्या आईचं मशीन पुन्हा चालतं केलं म्हणते. मला चेहराच आठवेना."

मी म्हटलं, "असेल कोणीतरी."

"हिरवं मशीन मी जन्मात एकच पाहिलं, आमच्या आईचं. आता आई आणि गिऱ्हाइकं एक व्हायला लागली. चहात मीठ पडलं की समजायचं, गेली केस."

मीही हसले.

काल काकूने वेगळा फोन केला. "मी सांगितलं म्हणू नकोस," म्हणाली, पण आता लपवालपवी पुरे. तुम्ही गेल्या चार वर्षांच्या वह्या काढून बसता म्हणे. मशीन कोणाचं, काय बिघडलं, आणि शेवटी तुमचा शब्द, "होईल" किंवा "होणार नाही". त्या वह्यांत तुम्ही अभिप्राय लिहिणारी माणसं शोधताय. एकही सापडत नाही, म्हणून आपण लिहायलाही विसरू लागलो असं तुम्ही धरून चाललात. गुरुवारी डॉक्टर, आणि महिनाअखेर दुकानाची किल्ली मालकाला परत. "हे म्हणतात, ज्याला माणसं आठवत नाहीत त्याने लोकांची मशीनं उघडू नयेत." एवढं बोलून काकूने फोन ठेवला. "जेवलीस का" विचारलंही नाही, काका.

तुम्ही त्या बाईला विसरला नाहीत. ती नाहीच. इतर अभिप्रायांतला गणवेश शिवणाराही नाही, लांबून आलेली चष्म्याची आजीही नाही. सातही जण मी एका शनिवारी दुपारी लिहिले, सात खोट्या नावांनी. परकी माणसं रचता येईनात, म्हणून घरातलीच वापरली. मशीन आजीचं, चष्मा आजीचा, बोलणं काकूचं. म्हणून ती तुम्हाला अर्धवट ओळखीची वाटली. शिंप्याला तुम्ही लगेच ओळखलंत, त्याच्या मशीनचा कोणता स्क्रू झिजला होता तेही सांगितलंत. तो खरा होता.

त्यानंतर आपण पहिल्या पानावर आलो. खऱ्या उत्तरांमुळे की खोट्या माणसांमुळे, ते मला कधीच कळणार नाही. तुम्ही दिलेली शाबासकी त्यातल्या कशासाठी घ्यावी, तेही कळत नाही. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "सगळेच करतात. तू कशाला जिवाला लावून घेतेस?" सगळ्यांचे काका वह्या काढून बसत नसतील.

शाळेत जायच्या आधी तुम्ही मला दुकानाच्या टेबलावर अक्षरं शिकवलीत. मी प्रत्येक अक्षर खोडून खोडून कागद फाडायचे. एक दिवस तुम्ही रबर काढून घेतलंत: "चुकलं तर एक रेघ मार आणि शेजारी बरोबर लिही. काय चुकलं ते दिसू दे." घरात आजही माझं नाव खोडरबरच आहे.

आज सकाळी मी सातही अभिप्राय वेबसाइटवरून काढले. आपण खाली जाऊ. किती, ते सांगता येत नाही. पण नुसतं काढणं म्हणजे पुन्हा रबर फिरवणं. म्हणून आधी ते कागदावर छापून घेतले. प्रत्येकावर एक रेघ आहे, खालचं वाचता येतं, शेजारी लिहिलं आहे, "हे मी लिहिलं." कागद सोबत जोडला आहे. काकूलाही वाचू द्या.

गुरुवारी डॉक्टरांकडे जा, गुडघाही दाखवा. पण सात माणसं विसरलो असं त्यांना सांगू नका. आणि किल्ली, निदान माझ्यामुळे, देऊ नका.

एक मागणं आहे. तुमच्या वहीत मला एक ओळ द्या. काय बिघडलं ते वर आलंच आहे. शेवटचा शब्द तुम्ही भरा. तो कोणताही असला तरी खरा असेल, एवढं मला माहीत आहे.

त्या एका शब्दाची वाट पाहणारी,
तुमची खोडरबर