चौकोनाचा झाला पतंग

तीर्थरूप आईंना,

धाकट्या सुनेचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? (इथे असताना ते रोज काही ना काही म्हणायचे आणि तुम्ही ते मला सांगायचात. आता कुणाला सांगता?) बाकी खुशाली वेगळी विचारत नाही, कारण थोरले भाऊजी ती रोज फोटोसकट कळवतात. एका मांडीवर जुळ्यांतलं एक, दुसऱ्या मांडीवर दुसरं आणि मधे तुम्ही, अगदी फुललेल्या. जाऊबाई आता हिंडूफिरू लागल्या हे ऐकून आनंद झाला. तुमच्यासाठी तिकडे वेगळी खोली रंगवून घेतली हे ऐकूनही झाला, पण जरा कमी.

इकडे सगळं सुरळीत. तुमच्या चिरंजीवांचं वजन वाढलंय आणि नातीची उंची. उलटं झालं असतं तर काळजी होती.

आता मुख्य बातमी. तुमची गोधडी मी पुरी करायला घेतली आहे. घाबरू नका, झालेल्या भागाला हात लावलेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा शेवटचा एक चौकोन तेवढा राहिला होता आणि रंगीत पट्ट्यांची पिशवी मशीनशेजारी तशीच होती. म्हटलं, त्यात काय मोठंसं? मधोमध एक लहान तुकडा, त्याच्या चारी बाजूंना पट्ट्या जोडत बाहेर बाहेर जायचं. मी दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांत काचा बसवते, केसाएवढा फरक मला दिसतो, मला चार चिंध्या जुळवता येऊ नयेत? (दुसऱ्याचं काम बघताना हात शिवशिवतात आणि स्वतः करायला गेलं की बोटं शिवली जातात. डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. फार नाही.)

मधला तुकडा लाल, मग पिवळी पट्टी, मग हिरवी. इथपर्यंत थाट होता. पुढे निळी हवी होती आणि पिशवीत निळं नावाला नव्हतं. दोरीवर मात्र एक विटका निळा शर्ट वाळत होता. त्याचा मागून, खालून, वीतभर तुकडा मी कापला. (मुद्दाम विटका रंगवलेला नवा शर्ट मिळतो आणि त्याला जास्त पैसे पडतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.) चिरंजीव तोच शर्ट खोचून ऑफिसला गेले. तिथे साहेबांच्या निरोपाचा कार्यक्रम. खुर्ची उचलायला वाकले, शर्ट बाहेर आला, आणि मागे शर्ट नव्हताच. साहेब म्हणे डोळे पुसत होते, ते निरोपाचं दुःख असावं अशी आपली समजूत करून घेऊ. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "आई घरात असती तर तिने विचारून कापलं असतं." खरं तर मला राग यायला हवा होता. पण मी म्हटलं, "हो ना."

निळी पट्टी लावताना सुईखाली कापड जाड लागत होतं. मला वाटलं, महागाचा शर्ट, जाड असणारच. तेवढ्यात बेल वाजली म्हणून चौकोन हातात घेऊन उठले, तर माझ्यामागून टेबलक्लॉथ निघाला, त्याच्यामागून चहाची किटली आणि किटलीमागून तुमची साखरेची बरणी. बरणी वाचली. किटली आपल्यात नाही. दारात गॅसवाला होता. ती मिरवणूक बघून तो म्हणाला, "वहिनी, मी नंतर येऊ का?"

शेवटी खालच्या टेलरमामांकडे गेले. त्यांनी चौकोन काउंटरवर पसरला, मान आधी डावीकडे कलवली, मग उजवीकडे, आणि म्हणाले, "बाई, हा चौकोन नाही, पतंग आहे." मग उलटा करून शिवण दाखवली. पट्ट्या तिरप्या कापल्या म्हणून ताणल्या गेल्या म्हणे. "आणि माया कुठे ठेवलीत? शिवणीबाहेर थोडं कापड सोडायचं असतं. नाहीतर जरा ओढ बसली की उसवतं." मी विचारलं, "आमच्या आई किती ठेवतात?" तर म्हणाले, "त्या? त्या नको तितकी ठेवतात. म्हणून तर त्यांचं काही दुरुस्तीला येत नाही."

मग उसवायला बसले, तुमच्या खुर्चीत. आई, या घरात आता कुणी बोलतच नाही हो. म्हणजे बोलतात, पण टोकत कुणी नाही. परवा मी मुद्दाम दोन खोल्यांतले दिवे चालू ठेवले. कुणी काही म्हटलं नाही. नळ टपटपत ठेवला. कुणी काही म्हटलं नाही. ओल्या हाताने रेडिओ लावला, तरी सगळे गप्प. मग तुमची नात चित्र रंगवत होती, तिचा रंग रेघेबाहेर गेला, आणि माझ्या तोंडून निघालं, "असं नाही गं, असं!" अगदी तुमच्या आवाजात, कमरेवर हात ठेवून. पोरगी दचकून उठली आणि आजी आली म्हणून थेट दारापर्यंत जाऊन आली. मग मलाही रेघ नीट दिसेना. (चष्म्याच्या दुकानातल्या बाईला!)

असो. पट्ट्या सरळ कापून पुन्हा जोडायला घेतल्या आहेत. जुळ्यांना पापे, जाऊबाईंना नमस्कार. भाऊजींनाही, पण बेताचा.

तुमची,
धाकटी

ता. क. हिरव्या पट्टीनंतर निळी घ्यायची की जांभळी, एवढंच विचारायचं होतं. बाकीचं पत्र उगाच लांबलं.

आणखी एक. भाऊजींनी तुमचं कपाट न्यायला टेम्पो पाठवला होता. ते कपाट आपल्या दारातून निघत नाही, असं त्यांना सांगा. हमालांनी फार खटपट केली.

अगदी शेवटचं. चिरंजीव म्हणतात, आईला खोटं लिहू नकोस. कपाट निघतं. हमालांनी उचललंही होतं. मी उंबऱ्यात बसले आणि उठले नाही. थोरला हमाल बिचारा अजिजीने म्हणाला, "ताई, कपाट तुमचं आहे का?" मी म्हटलं, "कपाट माझं नाही. ज्यांचं आहे त्या माझ्या आहेत." टेम्पो रिकामा गेला. तेव्हा कपाट हवंच असेल तर स्वतः या. मी रजा टाकते. आणि त्याची किल्ली मी कुठे ठेवली ते मला आठवत नाहीये. तुम्ही आल्यावर आपण दोघी मिळून शोधू. सापडायला बरीच वर्षं लागतील.